‘स्लॅब गळतोय’ असं शोधणाऱ्याला तुमची वेबसाइट का दिसत नाही?

मे महिना सरत आला की मुंबईत गच्च्यांच्या गळतीची धावपळ सुरू होते. कांदिवलीतल्या एखाद्या सोसायटीचे सेक्रेटरी रात्री जेवण उरकून मोबाइल हातात घेतात आणि गूगलवर टाइप करतात, ‘स्लॅबमधून पाणी गळते उपाय’. शेजारच्याच स्टेशनाजवळ एक कंत्राटदार आहे, वॉटरप्रूफिंगचं काम वर्षानुवर्षं चोख करणारा. त्याची वेबसाइट त्यांना दिसत नाही, कारण तिच्यावर ‘गळती’ हा शब्दच नाही. तिथे लिहिलंय ब्रिकबॅट कोबा, मेम्ब्रेन, चायना मोझॅक, इंजेक्शन ग्राउटिंग. यातला एकही शब्द चुकीचा नाही, पण ही कारागिराची भाषा झाली. घरात पाणी टपकत असलेला माणूस असं बोलत नाही.

सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजे सगळे ज्याला एसइओ म्हणतात, त्याचा मोठा भाग इतकाच आहे. शोधणाऱ्याने विचारलेलं तुमच्या पानावर त्याच्या शब्दांत असावं, आणि ते गूगलला वाचता यावं. उरलेला तांत्रिक भाग दुरुस्त करता येण्याजोगा असतो, फक्त बिघाड नेमका कुठे आहे ते आधी ओळखावं लागतं. वॉटरप्रूफिंगचंच उदाहरण धरून ते पाहू. तुमचा धंदा फराळाचा असो, क्लासचा असो की चष्म्याचा, हिशेब तोच.

पान गूगलच्या वहीत आहे का?

आपण शोध घेतो तेव्हा गूगल त्या क्षणी जगभरच्या वेबसाइट उघडून बघत नाही. गूगलबॉट नावाचा प्रोग्राम आधीच एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पानं उतरवून घेतो, याला क्रॉलिंग म्हणतात. त्यातली ठेवण्याजोगी वाटलेली पानं सूचीत नोंदली जातात, ते इंडेक्सिंग. शोध आल्यावर उत्तरं निवडली जातात ती या सूचीतूनच. म्हणून जे पान सूचीत नाही ते कितीही उत्तम असलं तरी दिसणार नाही.

ढोबळ तपासणी अशी: गूगलच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, त्याला लागून अपूर्णविराम आणि मध्ये जागा न सोडता तुमच्या वेबसाइटचा पत्ता टाका. तुमची पानं यायला हवीत. खरी तपासणी मात्र गूगल सर्च कन्सोलमध्येच होते. तुमची साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं हे गूगलचंच साधन फुकट आहे. ते जोडताना ‘डोमेन’ हा प्रकार निवडा. त्यासाठी डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, जिथून घेतलंय तिथल्या डीएनएस सेटिंगमध्ये टीएक्सटी नोंद, म्हणजे गूगलने दिलेली मजकुराची एक ओळ, टाकावी लागते. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, आणि मग त्या डोमेनचे सगळे अवतार एकाच ठिकाणी दिसतात. हे खातं तुमच्या स्वतःच्या जीमेलवर काढा. वेबसाइट बनवणाऱ्याला वापरकर्ता म्हणून जोडा, मालकी त्याच्याकडे देऊ नका. डोमेन, होस्टिंग आणि नकाशावरच्या नोंदीलाही हाच नियम लावा. भांडण झालं की सगळ्यात आधी चाव्याच अडकतात.

कन्सोलमध्ये एखाद्या पानाचा पत्ता वरच्या चौकटीत टाकला की त्याची अवस्था कळते. ‘डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ असं आलं तर गूगलला पत्ता माहीत आहे, पण त्याने पान अजून उतरवलेलं नाही. इथे बहुधा साइटवरचेच आतले दुवे कमी पडलेले असतात. मुख्य पानावरून त्या पानाकडे जाणारा स्पष्ट दुवा द्या. ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ असं आलं तर गूगलने पान वाचलं आणि ठेवलं नाही. अशा वेळी ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’चं बटण दहा वेळा दाबून काही होत नाही. मजकूर त्रोटक आहे का, किंवा दुसऱ्या पानाची नक्कल झाली आहे का, ते पाहावं लागतं.

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात महागात पडणारा घोळ वर्डप्रेस या साइट बांधण्याच्या प्रणालीत होतो. सेटिंग्जमधल्या ‘रीडिंग’ विभागात सर्च इंजिनांना दूर ठेवणारी एक चौकट असते. साइट बांधत असताना तिच्यावर खूण केली जाते, ते बरोबरच आहे. साइट सुरू केल्यावर ती खूण काढायची राहून जाते आणि मालक सहा महिने वाट बघत बसतो. आजच उघडून बघा.

दुसरा घोळ रोबोट्स फाइल आणि नोइंडेक्स यांत गल्लत केल्याने होतो. रोबोट्स फाइल गूगलबॉटला पान उतरवण्यापासून अडवते. नोइंडेक्सची सूचना पानाच्या आत असते आणि ती पान सूचीत घेऊ नका असं सांगते. दोन्ही एकदम लावले तर दारच बंद असल्याने आतली सूचना वाचलीच जात नाही, आणि बाहेरून कोणी दुवा दिलेला असेल तर तो पत्ता निकालात उगवू शकतो. पान लपवायचं असेल तर दार उघडं ठेवून नोइंडेक्स लावा.

साइटमॅप म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची सर्च इंजिनांसाठीची यादी. तिचं फार ओझं घेऊ नका. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी अशी मर्यादा आहे, लहान व्यवसायाची वीस-तीस पानं तिच्यात सहज मावतात. त्यातले ‘प्रायॉरिटी’ आणि ‘चेंजफ्रेक’ हे रकाने गूगल बघत नाही. शेवटच्या बदलाची तारीख बघतं, पण ती खरी असली तरच तिचा उपयोग.

मराठी मजकुराचं स्वतंत्र दुखणं

इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये हे सापडणार नाही, म्हणून इथे जरा थांबू या. दादर-गिरगावातल्या छापखान्यांनी आणि डीटीपीवाल्यांनी वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये काम केलं. या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘गळती’ दिसतं, पण संगणकात साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट फक्त त्यांच्यावर देवनागरी मुखवटा चढवतो. गूगलला मुखवटा दिसत नाही, त्याला निरर्थक अक्षरांची रांग दिसते. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, तरी जुनी माहितीपत्रकं आजही तशीच्या तशी साइटवर चढवली जातात.

ओळखायचं कसं? पानावरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपच्या चौकटीत चिकटवा. मराठी दिसलं तर युनिकोड आहे. कचरा दिसला तर मजकूर युनिकोडमध्ये फिरवून घ्यावा लागेल. तशी रूपांतरकं मिळतात, पण नंतर डोळ्यांनी वाचल्याशिवाय मजकूर चढवू नका. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार या दोन ठिकाणी हमखास गडबड होते. वेलांटी दिसते अक्षराच्या आधी आणि युनिकोडमध्ये साठते नंतर. रफाराचं याच्या उलट आहे. त्यामुळे ‘दुरुस्ती’ सुखरूप येते आणि ‘खर्चिक’चं भलतंच होऊन बसतं. पीडीएफ फाइलींनाही हीच कसोटी लावा.

दुसरा प्रकार म्हणजे सगळा मजकूर एका चित्रात. दरपत्रक, पत्ता, ‘आमच्या सेवा’ हे सारं व्हॉट्सॲपसाठी केलेल्या रंगीत जेपीजीमध्ये असतं आणि तेच चित्र पानावर टाकलं जातं. त्या अक्षरांच्या भरवशावर राहू नका. चित्र ठेवायचं तर ठेवा, पण प्रत्येक शब्द खाली मजकूर म्हणून टाइप करा. चित्राच्या ऑल्ट मजकुरात, म्हणजे चित्राला जोडलेल्या न दिसणाऱ्या वर्णनात, चित्रात काय आहे ते एका वाक्यात लिहा, जसं की ‘गच्चीच्या कोपऱ्यात पॅरापेटला पडलेली भेग’.

युनिकोडमध्येही एक बारीक कसर राहते. ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणून टाइप होतं, आणि काही कीबोर्डवर ‘अ’ला चंद्र जोडूनही होतं. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो. डोळ्याला फरक कळत नाही, संगणकासाठी मात्र ते वेगळे शब्द असतात. तुमच्या साइटवरच्या शोधचौकटीत अशाने माल असूनही ‘काहीही सापडले नाही’ येतं. मजकूर टाइप करणाऱ्या सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरला तर ही कटकट उरत नाही.

पानाचा पत्ता देवनागरीत ठेवावा का? चालतो, गूगलला अडचण नाही. पण तो कॉपी केला की बहुधा देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हामागे नऊ खुणा उमटतात. ‘ठाणे’ या शब्दात चार चिन्हं आहेत, म्हणजे ३६ खुणांची शेपटी. व्हॉट्सॲपवर असा लांबलचक दुवा आला की लोक तो फसवा समजून दाबत नाहीत. म्हणून पत्ता रोमनमध्ये, छोटा आणि शब्दांच्या मध्ये हायफन असलेला ठेवावा असं आमचं मत आहे. वर्डप्रेस मराठी शीर्षकावरून आपोआप देवनागरी पत्ता बनवतं, तो प्रकाशित करण्याआधीच बदला.

साइट मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असेल तर प्रत्येक भाषेचं पान वेगळ्या पत्त्यावर हवं. दोन्ही पानांवर एकमेकांकडे बोट दाखवणारा एचरेफलँग टॅग (कोडमधली भाषेची खूण) लागतो, एकाच बाजूने लावला तर तो धरला जात नाही. भाषांतराचं विजेट लावून हे साधत नाही. ते वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये शब्द बदलतं, त्यातून सूचीत घेण्यासारखं नवं पान तयार होत नाही.

मुंबईत एका जागेला किती नावं

कोणी ‘शीव’ शोधतं, कोणी ‘सायन’. वांद्रे आणि बांद्रा, परळ आणि परेल, भायखळा आणि बायकला यांचंही तसंच. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं प्रभादेवी २०१८ मध्ये झालं, तरी जुनं नाव अजून तोंडी आहे. व्हीटीचं सीएसटी १९९६ मध्ये आणि सीएसएमटी २०१७ मध्ये झालं, पण टॅक्सीवाल्याला व्हीटीच सांगणारे आजही भेटतात. गूगलला यातली बरीच जोडनावं कळतात. तरी पानावर एकदा ‘शीव म्हणजेच सायन पूर्व’ असं सरळ लिहून टाकायला काय हरकत आहे? पूर्व-पश्चिम लिहायला तर कधीच विसरू नका. बोरिवली पश्चिमेचा माणूस छोट्या कामासाठी रूळ ओलांडून पूर्वेचा कारागीर सहसा शोधत नाही.

इथूनच एक मोह सुरू होतो. प्रत्येक स्टेशनाचं एक पान करायचं, मजकूर तोच, फक्त ‘अंधेरी’ काढून ‘मालाड’ घालायचं. गूगलच्या नियमांत अशा पानांना डोअरवे म्हणतात आणि ती स्पॅम धरली जातात. त्याऐवजी सेवेचं एकच भरीव पान करा, आणि त्याला जोडून झालेल्या खऱ्या कामांची पानं. मुलुंड पश्चिमेतली सात मजली इमारत, गच्चीचं क्षेत्रफळ, पाणी कुठून शिरत होतं, जुना कोबा काढला की त्यावरच थर दिला, किती दिवस लागले, आधीचे आणि नंतरचे फोटो. असं पान दुसरा कोणी लिहूच शकत नाही, कारण ते काम त्याने केलेलं नाही.

शोधणाऱ्याचे शब्द मिळवायला महागडी साधनं लागत नाहीत. गिऱ्हाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली पहिली ओळ वाचा. ‘वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून पाणी येतंय’, ‘भिंतीला ओल आली आहे’, ‘पावसात काम होतं का’, ‘स्क्वेअर फुटाला काय भाव’ हेच तुमचे मथळे. मग सर्च कन्सोलचा परफॉर्मन्स अहवाल उघडा. त्यात १६ महिन्यांपर्यंतचे शोध दिसतात, फार विरळ शोध मात्र गोपनीयतेसाठी गाळलेले असतात. ज्या शोधांत तुमचं पान बऱ्याचदा दिसतं पण सरासरी स्थान ८ ते २० च्या दरम्यान आहे, तिथे आधी मेहनत घाला. गूगलने ते पान विषयाशी जोडलेलं आहे, उत्तर कुठेतरी अपुरं पडतंय.

उत्तर पुरं म्हणजे कसं? गळती गच्चीची आहे, बाथरूमची आहे की बाहेरच्या भिंतीची, हे घरच्या घरी कसं ओळखायचं ते सांगा. पाऊस थांबल्यावरही बारा महिने ओल राहत असेल तर संशय नळजोडावर किंवा बाथरूमवर जातो. गच्चीवर पाणी साठवून निदान २४ तास ठेवायची चाचणी कशी करतात ते लिहा. दराचा पल्ला द्या आणि त्यात मलबा उचलणं धरलंय की नाही ते स्पष्ट करा. हमी किती वर्षांची आणि कशाने रद्द होते तेही लिहा. दर लिहिल्याने प्रतिस्पर्ध्याला कळेल ही भीती सोडा, त्याला ते आधीच माहीत असतात. यंत्राकडून शंभर लेख लिहून घेऊन साइट भरणं मात्र टाळा. निव्वळ क्रमांक मिळवण्यासाठी ढिगाने काढलेला मजकूर गूगलने मार्च २०२४ पासून स्पॅमच्या नियमांत घेतला आहे, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने.

प्रत्येक पानाचा टायटल टॅग, म्हणजे शोधनिकालात सहसा दिसणारं शीर्षक, वेगळा हवा. ‘होम’ किंवा ‘आपले स्वागत आहे’ ही जागा वाया घालवणं आहे. ‘गच्ची आणि स्लॅबची गळती दुरुस्ती, कांदिवली ते दहिसर’ असं लिहा आणि फर्मचं नाव शेवटी ठेवा, कारण मोबाइलवर मागचा भाग कापला जातो. मेटा डिस्क्रिप्शनने, म्हणजे शीर्षकाखाली दिसू शकणाऱ्या वर्णनाने, क्रमांक बदलत नाही, पण ते वाचून माणूस दाबायचं की नाही ते ठरवतो. मेटा कीवर्ड्सचे, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवलेल्या शब्दांच्या यादीचे, पैसे कोणी मागितले तर देऊ नका. तो टॅग क्रमांकासाठी वापरत नसल्याचं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

आणि पावसाळ्याचं पान जानेवारी-फेब्रुवारीतच चढवा. एसइओचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं असं गूगलच्याच मार्गदर्शनात सांगितलेलं आहे, त्यामुळे मेमध्ये लिहिलेलं पान त्या पावसाला बहुधा उपयोगी पडत नाही. दर वर्षी साल घालून नवं पान करू नका. एकच पत्ता ठेवून मजकूर ताजा करत राहा, म्हणजे त्या पत्त्याला मिळालेले दुवे आणि ओळख टिकते.

वजनदार पानं

गूगल बहुतेक सगळ्या साइटची मोबाइल आवृत्तीच वाचतं. मोबाइलवर जागा नाही म्हणून जो मजकूर काढून टाकला, तो गूगलच्या लेखी नाहीच.

वेगाचे तीन आकडे लक्षात ठेवा. पानातला सगळ्यात मोठा भाग २.५ सेकंदांत दिसावा. बोट लावल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा, हे माप मार्च २०२४ पासून लागू झालं. पान भरताना मजकूर उड्या मारण्याचं प्रमाण ०.१ च्या आत असावं. शंभरातल्या पंचाहत्तर भेटींत हे साधलं की पुरे. फोनमधून थेट चढवलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो १२०० पिक्सेल रुंदीचा करून वेबपी या हलक्या चित्रस्वरूपात साठवला की बहुधा दोनशे केबीच्या आत येतो. फोटोची रुंदी आणि उंची कोडमध्ये लिहा, म्हणजे मजकूर खाली ढकलला जात नाही. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट रोमनपेक्षा जड असतात, म्हणून एकच फॉन्ट आणि त्याची दोनच वजनं (साधं आणि ठळक) वापरा. वरचा सरकता स्लायडर काढून टाका. तो पान जड करतो आणि त्यातलं तिसरं चित्र बघायला कोणी थांबत नाही. हे झालं की शंभरपैकी शंभर गुणांच्या मागे लागू नका, वेगाचा क्रमांकातला वाटा मजकुरापेक्षा लहान आहे.

नकाशा आणि दुवे

स्थानिक धंद्याला गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या नकाशावरची नोंद, वेबसाइटइतकंच महत्त्वाचं आहे. नकाशावरचा क्रम तीन गोष्टींवर ठरतो: शोधाशी जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी. अंतर तुमच्या हातात नाही, जुळणी आहे. मुख्य वर्ग अचूक निवडा. नावात फक्त पाटीवरचं नाव लिहा. ‘मुंबईतील सर्वोत्तम वॉटरप्रूफिंग’ असं शेपूट जोडलं तर नोंद निलंबित होऊ शकते. दुकान नसेल आणि घरून काम चालत असेल तर घरचा पत्ता लपवून सेवा देता ते भाग लिहा, असे २० भाग देता येतात. परीक्षणाच्या बदल्यात सूट देणं नियमात बसत नाही. काम संपल्यावर दुवा पाठवून मोकळेपणाने लिहायला सांगा, आणि वाईट परीक्षणालाही शांतपणे, मुद्द्याला धरून उत्तर द्या.

दुसऱ्या साइटने दिलेला दुवा म्हणजे एक प्रकारची शिफारस, ही कल्पना स्टॅनफर्डमध्ये पेजरँकच्या रूपात १९९८ साली मांडली गेली आणि गूगल तिच्यावर उभं राहिलं. म्हणूनच दुव्यांचा बाजार भरला. गूगलने २०१२ मध्ये आपल्या क्रम लावण्याच्या पद्धतीत केलेल्या ‘पेंग्विन’ बदलाने विकतच्या दुव्यांवर उभ्या असलेल्या साइट खाली गेल्या. ‘पाचशे बॅकलिंक’, म्हणजे दुसऱ्या साइटवरचे पाचशे दुवे, देऊ करणारा संदेश आजही येतो, तो पुसून टाका. ज्या कंपनीचं रसायन वापरता तिच्या अधिकृत कंत्राटदारांच्या यादीत नाव येणं, ओळखीच्या आर्किटेक्टने आपल्या साइटवर केलेला उल्लेख, असे चार दुवे पुरतात.

साइट नवी करताना

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. सुंदर नवी साइट येते, पत्ते बदलतात, जुने पत्ते ४०४, म्हणजे ‘पान सापडले नाही’, दाखवू लागतात आणि कमावलेली जागा जाते. काम सुरू व्हायच्या आधी सर्च कन्सोलमधून जुन्या पानांची यादी उतरवून ठेवा. प्रत्येक जुन्या पत्त्यापुढे त्याचा नवा पत्ता लिहा आणि ३०१ प्रकारचं कायमचं रीडायरेक्ट लावून घ्या, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्यावर जातो. सगळे पत्ते मुख्य पानाकडे वळवणं ही पळवाट आहे, गूगल त्यांना बहुधा हरवलेली पानंच समजतं. ही रीडायरेक्ट निदान एक वर्ष ठेवा, शक्य असेल तर काढूच नका.

हे काम कोणाला सोपवणार असाल तर पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला नकार द्या, अशी हमी कोणालाच देता येत नाही. कोणत्या पानात कोणता बदल करणार आणि का, हे लेखी मागा.

मग महिन्यातून एकदा अर्धा तास कन्सोल उघडून बसा. पान किती वेळा दिसलं तो आकडा शून्याजवळ असेल तर अडचण सूचीत किंवा शब्दांत आहे. दिसतंय पण कोणी दाबत नाही, तर आधी स्थान बघा, ते बरं असेल तर टायटल बदला. दाबतात पण फोन येत नाही, तर स्वतःच्या मोबाइलवर ते पान उघडा आणि नंबरावर बोट ठेवून पाहा. नंबर चित्रात छापलेला असेल, तर कांदिवलीच्या त्या सेक्रेटरींना तो पाठ करून परत टाइप करावा लागतोय.